अकरावी

अकरा देव मागितले होते त्यांनी, शुक्रवारपर्यंत.
प्रत्येकाला एक शस्त्र, एक रंग, एक राग,
आणि भक्ताच्या श्रद्धेचा आकडा, शून्य ते शंभर:
ऐंशीच्या वर वरदान, विसाच्या खाली शाप.
दहा लिहून झाले. आगीचा, मिठाचा, उंबरठ्याचा,
जुळ्यांचा, उधारीचा
(ध्रुवल हसला त्याला, पण ठेवला).
अकरावा सुचेना.

ऑफिसच्या मागे विश्वामित्री वाहते.
वाहते म्हणजे, असते.
काळ्या घोड्याच्या पुलावर लोक स्कूटर थांबवतात,
कठड्यावरून वाकतात,
"छे? छे?" विचारतात एकमेकांना,
आणि काठावरचा चिखलाचा ओंडका
एक पापणी हलवतो.

मी लिहिलं: निवळाई.
ड्रॅगन, पण पंख नाहीत. आग नाही.
जगाच्या आधीपासून गढूळ पाण्यात पडून आहे.
मागितलेलं देत नाही.
पाण्यात जे पडलं ते सांभाळते,
परत करेलच असं नाही.
तिच्यापाशी श्रद्धेचा आकडा चालत नाही.

"आग नाही, तर ड्रॅगन कसला?"
चाचणीला आलेली पोरं तिच्यासमोर
चार मिनिटं उभी राहिली,
आणि गेम हँग झाला म्हणून लिहून गेली.
पुढच्या आवृत्तीत तिला काढलं.
देऊळ तेवढं राहिलं,
कारण त्याचा दगड हलवला
की मागचा अख्खा डोंगर गायब व्हायचा.

मी काही बोलले नाही.
मला आठवत होतं वडसरचं पाणी,
आमच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आलेलं,
आणि दुसऱ्या पायरीवर तो,
जबडा किंचित उघडा, जणू काही विचारायचं राहिलंय.
आईने आधी हात जोडले,
मग प्राणी सोडवणाऱ्या पोरांना फोन लावला,
मग पुन्हा हात जोडले,
की त्याला दोरी काचू नये.

नोंदी वाचणं माझंच काम.
फोन नंबर चार, रात्री दोन वाजून दहा मिनिटं, रोज.
पहिल्याच पातळीवरचा कुणी, हातात काठीसुद्धा नाही,
आगीच्या ड्रॅगनला वळसा घालून,
मिठाच्या वाळवंटातून दोनदा मरून,
निवळाईच्या रिकाम्या देवळात पोचतो.
नमन.
पडद्यावर येतं: येथे कोणी नाही.
नमन.
येथे कोणी नाही.
चाळीस वेळा. एकदा सत्तेचाळीस.

शनाभाई निघाले. रात्रपाळीचे, ढाढरकाठचे,
शर्टाचं वरचं बटण नेहमी लावलेलं.
रागावतील वाटून आधी फोन पुसून दिला मला.
भिंतीवर कोरलेली शेपटी त्यांनी ओळखली होती:
"मगर तो माताजीनुं वाहन, बेन."
मी म्हटलं, ती आता नाहीये, काढून टाकली आम्ही.
तर बाकीच्या दहांबद्दल म्हणाले,
"पेला बधा हिसाब राखे छे. आ नथी राखती."
आणि लगेच, त्याच आवाजात,
चार नंबरचा चार्जर ढिला आहे, तेवढं बघा.

चार्जर बदलला.
संध्याकाळी सगळे गेल्यावर फाईल उघडून बसले.
एका ओळीत आणता आलं असतं तिला परत:
डोळे, शेपटी, हवं तर एखादं वरदान,
सत्तेचाळिसाव्या नमनाला गुपचूप.
बोटं तिथवर गेलीही.
मग ते भलतंच वाटलं,
दुसऱ्याच्या पाण्यात हात घातल्यासारखं.

मी फक्त "येथे कोणी नाही" हे वाक्य पुसलं.
त्याच्या जागी काहीच लिहिलं नाही.

सकाळची नोंद:
दोन वाजून दहा मिनिटं. देऊळ. नमन, एकदाच.
नंतर चार मिनिटं काही नाही,
एकही बटण नाही, पाऊल नाही.
ध्रुवल माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाला,
"हँग झालाय बहुतेक."