तळाचा उजेड

वार्ड्यो बेटावर नोव्हेंबर सरला की
सूर्य उगवायचे कष्ट घेत नाही.

रागनफ्रिडला पहाटे चारला बेकरी उघडायची असते,
म्हणून ऑडमुंड पडद्याचा उजेड
उतरवत उतरवत नेतो
पार तळाला,
काजळी धरलेल्या कंदिलाइतका.
अक्षरं मात्र हरभऱ्याएवढी. डोळे साठीचे.
ओळीत चार शब्द मावतात,
पाचवा खाली उडी मारतो.

बर्फ खरवडणारी गाडी जाते,
तिचा पिवळा दिवा छतावरून फिरून जातो.
तो श्वास रोखून बोट सरकवतो,
जणू कुणाच्या खिशातून काही काढतोय.

गोष्टीतला खलाशी दोन वर्षांनी घरी आलाय.
दार ढकलतो. चूल तापलेली.
टेबलावर दोन कप.

ऑडमुंडचं बोट पुढच्या पानाकडे वळतं
आणि उशीतून,
पिठाचा वास असलेल्या केसांमागून, आवाज येतो:
"थांब की. माझं व्हायचंय अजून."

कधीपासून?

"त्याचं जहाज फुटलं तेव्हापासून.
आणि उजेड वाढव जरा,
डोळ्यांच्या खाचा व्हायची वेळ आली माझ्या."

तो वाढवतो. दोनच रेघा.
सवय जात नाही.

दोघं त्या कपांपाशी थांबतात.