सातवा रकाना

तीन दिवसांचं शिबिर, सांगलीत,
कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर.
पंखा लावला की पडदा हलतो, आकडे डोलतात.
पंखा बंद केला की मुलं पेंगतात.
आम्ही डोलणारे आकडे पसंत केले.

एकोणीस जण, पीएचडीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे,
बहुतेकांच्या गळ्यात पेन ड्राइव्ह, ताईतासारखा.
उघडा, म्हटलं.
फायली निघाल्या:
शेवटची. शेवटची नवी. खरंच शेवटची.
सरांनी तपासलेली खरंच शेवटची.
वर्ग हसला. मीही हसले,
माझ्याकडं याच घराण्यातल्या चाळीस आहेत.

इरफान सतारमेकर, मिरजेचा,
भोपळ्याची जाडी मोजतो,
किती जाड असला की तुंबा कसा घुमतो.
त्याच्या रकान्यात:
४, ४.५, जाड, ५, अब्बा म्हणाले ठीक.
"ठीक म्हणजे किती?"
त्यानं बोटाच्या पेरानं बाकावर टकटक केली.
"एवढं."
हे कुठल्या एककात लिहायचं, मलाही येईना.
शेवटी शेजारी नवा रकाना काढला:
कुणी ऐकलं, कधी, हवा दमट होती का.
अब्बांचं ठीक मात्र पुसलं नाही.

सन्मती बिरनाळे लॅपटॉप अर्धा मिटूनच बसलेली.
हळदीची कंदकूज, तीन हंगाम, सव्वाशे सऱ्या,
डिग्रजपासून समडोळीपर्यंत.
"चिखलात उकिडवी बसून गोळा केलंय, मॅडम.
खुलं करायचं म्हणजे
पेरणी माझी आणि मळणी दुसऱ्याची?
सर म्हणतात, पेपर येईपर्यंत
कुणाला वाससुद्धा लागू देऊ नको."

माझ्याकडं पाठ केलेलं उत्तर होतं.
नाव घाल, तारीख घाल, परवाना निवड,
वाटल्यास वर्षभर कुलूप लाव,
फक्त किल्ली कुठंय ते लिहून ठेव.
दिलं ते उत्तर. बरोबरही होतं.
तिनं मान हलवली.
लॅपटॉप तेवढाच मिटलेला.

चहा घेऊन आलेले आण्णू बोंद्रे, हरिपूरचे,
कपात चहा ओतता ओतता म्हणाले,
"आमच्याकडं हळदीची पेवं होती, जमिनीच्या पोटात.
वर्षानुवर्षं माल टिकायचा, झळाळी तीच.
पण तोंड उघडलं की लगेच उतरायचं नाही.
आधी कंदील सोडायचा.
विझला, तर माणूस आत घालायचा नाही.
मालाला काही झालेलं नसायचं हो,
हवा मेलेली असायची."
आणि रिकामा ट्रे घेऊन गेले.
पुराचं मी विचारणार होते. राहिलं.

दुपारी, उदाहरण म्हणून,
मी माझीच जुनी फाईल उघडली, बारा वर्षांपूर्वीची.
नदीकाठच्या विहिरी, पाण्यातले क्षार.
पहिला रकाना गाव, दुसरा तारीख,
आणि सातवा:
क्ष२.
खाली तीनशे चाळीस आकडे, शिस्तीत.
"क्ष२ म्हणजे काय, मॅडम?"
पंखा फिरत होता, आकडे डोलत होते.
मी वर्गाकडं पाठ करून बराच वेळ बघत राहिले.
"हे भरलं कुणी?"
"मी."
कंदील विझला होता.

संध्याकाळी सगळे बस गाठायला निघाले,
सन्मती राहिली.
लॅपटॉप माझ्याकडं वळवला, पूर्ण उघडा.
नवी फाईल, नाव साधं: वाचणाऱ्यासाठी.
एकच ओळ होती, दुसरी अर्धी.

"दुसऱ्या हंगामात नऊ दिवस शेतात जाता आलं नाही.
त्या नऊ दिवसांचे आकडे मी अंदाजानं"

"चोरीची भीती नव्हती," ती म्हणाली,
"म्हणजे, होतीच. पण ही जास्त."

मी खुर्ची ओढून शेजारी बसले.
काही बोलले नाही.
तिनं क्रियापद शोधलं, खोडलं,
पुन्हा लिहिलं.
मग मला विचारलं,
"तारीख आजचीच घालू ना?"