रकान्यात काय लिहू

जंताच्या गोळ्या घेऊन सरकारी गाडी येते
वर्षातून दोनदा, वारा येऊ देईल तेव्हा.
एल्वियो फाटक दोन्ही हातांनी धरून उघडतो,
सोडलं तर बिजागऱ्यांसकट अटलांटिकात जाईल.
मांडीवर वही. रंग, वय, नर-मादी, नाव.
मेंढ्या किती, असं आधी विचारायचा.
आता विचारत नाही.

लिही बाबा. पहिली सेनीसा, म्हणजे राख.
डोंगरापलीकडे ज्वालामुखी फुटला त्या हिवाळ्यात
आम्ही भरदुपारी कंदील घेऊन मेंढ्या मोजत होतो,
पाठीवर राख साचून बसलेल्या, उठता न येणाऱ्या.
त्यांच्यात हे पिल्लू. करडं.
आन्सेल्मो म्हणाला, ही नाव घेऊनच आलीय.
घरी कोमट पाण्यात घातली, तीन पाणी बदलली,
तर पांढरीशुभ्र निघाली बया!
पण तोवर हाकेला वळायला लागली होती.
चौदा वर्षं बर्फासारख्या कुत्रीला राख म्हणत राहिलो.
येणारे-जाणारे नावं ठेवायचे.
आम्ही एकदाच ठेवलं.

"आजी, जिवंत कुत्र्यांचीच नावं हवीत."
थांब ना. पोचतेच आहे तिथवर.

दुसरा फियादो. उधारी.
पीठ, येर्बा, रॉकेल आणि एक कुत्रा
अशी ओळ होती दुकानदाराच्या वहीत.
लोकर कापली की देतो, म्हणाला आन्सेल्मो.
त्या वर्षी लोकरीला भाव नव्हता. पुढच्या वर्षी दुकान नव्हतं.
पैसे द्यायला शोधलं आम्ही त्या माणसाला, खरंच शोधलं.
फियादो मात्र रोज थोडं थोडं फेडत असल्यासारखा
रात्रभर कोंडवाड्याभोवती फिरायचा.
प्यूमाने पाय फाडला तरी.

तिसरा तेलवाल्यांच्या छावणीत राहिलेला.
माणसं गेली, पत्रे गेले, हा दोरीला तसाच.
कुठल्याच नावाला कान हलवेना.
संध्याकाळी रेडिओवर निरोप वाचतात ना,
अमक्या मळ्यावरच्या तमक्याला, औषध गुरुवारच्या बसने पाठवलंय,
ते ऐकत बसायचो आम्ही, प्रत्येक नावाला त्याच्याकडे बघत.
नवव्या का दहाव्या दिवशी निवेदक म्हणाला,
"एर्मिनियासाठी: मुलगी झाली, दोघी सुखरूप,"
आणि याने मान वर केली.
एवढा थोराड नर, आणि नाव एर्मिनिया.
हसू नकोस. आन्सेल्मो हसला तेवढं पुरे,
चहाचा भोपळा सांडला होता त्याने अंगावर.

आन्सेल्मोला शहरात नेलं तेव्हाही रेडिओच होता.
"एदुविनासाठी," तो म्हणाला, आणि पुढचं
मला नीट ऐकू आलं नाही.
एर्मिनियाने पुन्हा मान वर केली होती.
त्याच्या डोळ्यांकडे बघून समजले.

शेडमागे तीन दगड आहेत.
मेंढ्यांवर खुणा करायचा लाल रंग उरला होता,
त्यानेच लिहिलं. वारा दर वर्षी एखादं अक्षर नेतो,
मी पुन्हा काढते.
सेनीसामधला से तर मीच आता चुकीचा काढते बहुतेक.

म्हणून हा चौथा आला तेव्हा ठरवलं,
नाव ठेवायचं नाही. दगड हलवायचं वय राहिलं नाही.
दोन हिवाळे झाले. भाकरी खातो, दारात झोपतो,
माझं काही अडलं नाही.

एल्वियो रकान्यात आडवी रेघ मारतो.
गोळी चरबीच्या तुकड्यात खुपसून पुढे धरतो.
कुत्रा टँकरच्या सांगाड्याखाली, हलत नाही.
यू यू करून झालं, शीळ घालून झाली.
मी नुसतं म्हणते, "चे."
येतो. सरळ माझ्या पायाशी.

"चे? शर्टांवर असतो तो?"
नाही रे. चे म्हणजे काही नाही.
अरे, अगं, ए, इकडे बघ.
सगळेच म्हणतात एकमेकांना.

तो रेघ खोडतो. एकच अक्षर लिहितो, सावकाश.
मी बघत राहते त्याच्या पेनाकडे.

चरबी गिळून चेने गोळी तेवढी बाहेर काढली,
एल्वियोच्या बुटावर ठेवली.
"चे!" म्हणाला तो.
शेपटी हलली.