त्रेसष्ट सह्या

हसुराम तांडेल दर गुरुवारी
कोऱ्या लेटरहेडांवर सह्या करून ठेवायचे.
खाली सही, वर सगळं मोकळं.
"मजकूर तुझा, उज्ज्वला. नाव तेवढं माझं."
मग चहा बशीत ओतायचे, आणि दिवाळ्याच्या जेट्टीवर
बर्फाचा ट्रक आला का बघायला जायचे.

त्या गुरुवारी त्रेसष्टाव्या कागदावर
ल-ची शेपटी वळलीच नाही.
कागद संपला, तरी पेन जात राहिलं.
मला वाटलं, पेन तपासतायत.

डाव्या मेंदूत रक्त, म्हणाले डॉक्टर.
उजवा हात गेला, जीभ गेली.
वाशीच्या हॉस्पिटलात पक्षाची माणसं
सफरचंदं घेऊन रांगेनं उभी.
पुतण्यानं विचारलं, काकांना ऐकू येतं का?
आवाज पोचतो, सिस्टर म्हणाली,
अर्थाचं सांगता येत नाही.
सभागृहात तरी वेगळं काय होतं,
मागून कुणी बोललं. हसले सगळे.
मग एकदम कुणीच हसेना.

मी बेलापूरच्या मुख्यालयात गेले.
सचिव विभागातल्या भोसेकर बाईंनी नियम काढला:
वारले, तर जागा रिकामी.
राजीनामा दिला, तर रिकामी.
सहा महिने न कळवता गैरहजर, तरी रिकामी.
"आणि आहेत, पण नाहीत, असं असेल तर?"
बाईंनी चष्मा पदराला पुसला.
"रजेचा अर्ज द्या."

दिला. डाव्या अंगठ्याचा ठसा,
मीच धरून उमटवला.
अंगठा गरम होता, त्याचं मला नवल वाटलं.

गटाराला कुठे कळतं नगरसेवक आजारी आहे?
ते तुंबलंच.
मासळी बाजाराच्या दिव्याला एक कागद गेला,
दिवा लागला नाही, म्हणून आणखी एक.
गॅसच्या जोडणीला. वॉचमन थापाच्या पोरीच्या शाळेला.
प्रत्येकावर तेच, माझी बोटं झोपेतही टाइप करतील असं:
सदर व्यक्ती माझ्या प्रभागातील रहिवासी असून
मी त्यांना व्यक्तिशः ओळखतो.
तिकडे पलंगावर त्यांना
स्वतःची बायको सिस्टर वाटायची.
इकडे आठवड्याला चार नवी माणसं
ते व्यक्तिशः ओळखत होते.

पुतण्या आला. "एकच कोरा दे. एकच."
संपले, म्हटलं.
ड्रॉवरची किल्ली तेव्हा माझ्या डब्यात, चपातीखाली.

पाचव्या महिन्यात गेले, पहाटे, ओहोटीला.
सभा दोन मिनिटं उभी राहिली, मग तहकूब.
पार्किंगचा विषय पुढच्या मंगळवारी घेतला.
नावाची पाटी शिपायानं खिशात टाकली,
बसेना, तर पिशवीत.
मुदत थोडी उरली म्हणून पोटनिवडणूक होईल की नाही,
कुणी होईल म्हणतं, कुणी नाही.
ऑफिस महिनाअखेर सोडायचंय.
गेल्यावरही मी सात कागद दिले.
तारीख मागची टाकली. करा काय ते.

तेराव्यानंतर हौसावहिनी आल्या.
बँक दाखला मागते म्हणाल्या,
"हितल्याच नगरसेवकाचा पायजे."
दोघींनी खुर्चीकडे बघितलं.
शेवटचा कागद काढला. घसरलेल्या सहीचा.

टाइप केलं: सौ. खोडलं. श्रीमती.
गेली एकतीस वर्षे मी त्यांना व्यक्तिशः ओळखतो.
वहिनी खांद्यावरून वाचत होत्या.
"एकतीस नको. चौतीस लिव.
लग्नाआधी तीन वरसां बगायचा मना,
जेट्टीवरशी."

चौतीस केलं.
सही कागदाच्या कडेपर्यंत येते आणि तुटते.
पुढची शेपटी अजून टेबलावर आहे,
सनमायकावर, निळी, बोटभर.
मी फडकं कधी तिथं नेलंच नाही.

वहिनींनी कागद टेबलावर ठेवला,
सरकवत सरकवत
रेघेला रेघ लावून पाहिली.