चार मीटरचा घाट

चित्स्केच्या गावात चढ नाही.
म्हणजे आहे, एकच:
कालव्यावरच्या पुलाचा, पाण्यापासून चार मीटर.
बाकी फ्रीसलंड ताटासारखं सपाट,
आणि गाई त्यात वाढून ठेवल्यासारख्या.

एकतीस वर्षं ती हा पूल उघडते.
भोंगा, लाल दिवा, फाटक;
मग रस्ता उठून उभा राहतो,
त्यावरचे पांढरे पट्टेसुद्धा उभे.
बोट पुढे सरकते.
ती गळाच्या काठीला बांधलेला लाकडी जोडा खाली सोडते,
त्यात नाणी पडतात,
रस्ता परत आडवा.
कुठून आलात, कुठे निघालात,
हे तिने किती जणांना विचारलं असेल.
उलट कुणी विचारलं नाही.
पूलवाली काय, पुलापाशीच असणार.

आता एप्रिलपासून लेउवार्डेनच्या एका खोलीत बसून
कुणीतरी पडद्यावर बघेल आणि बटण दाबेल.
कचेरीतून केक आला, साखरेचा पूल काढलेला.
तिने तो बरोबर मधोमध कापला.

मे महिन्यात ती निघणार आहे,
सायकलवरून, जॉर्जियापर्यंत.
"का गं?" पाव बांधता बांधता ऊड्सने विचारलं.
"रस्ता आहे तिथवर," ती म्हणाली,
आणि सुटे पैसे मोजून घेतले.

तिकडे एक खिंड आहे. नाव ज्वारी.
(भाकरीची नव्हे. त्यांच्या भाषेत ज्वारी म्हणजे क्रूस.
पण मी नकाशात वाचलं तेव्हा मला भूकच लागली.)
उंची दोन हजार तीनशे एकोणऐंशी मीटर.
चित्स्केने विजेच्या बिलामागे भागाकार केला:
पूल गुणिले सहाशे,
पाच कमी.

म्हणून रोज संध्याकाळी, शेवटची बोट गेल्यावर,
दोन्ही पिशव्यांत अकरा-अकरा किलो बटाटे भरून
ती पूल चढते. उतरते. वळते. चढते.
कठड्यावर खडूच्या रेघा.
पाऊस आला की हिशेब पुसला जातो,
मग आठवून आठवून मांडायचा, थोडा स्वतःविरुद्ध.
पोरं ओरडतात, "बटाटे कुठे चाललेत?"
गुडघा डावीकडचा कुरकुरतो,
वय अठ्ठावन्न, साखळीला तेल लागतं तसं त्याला मलम.
वारा तेवढा फुकट.
बांधावर तो समोरून येतो तेव्हा
चालणारी कुत्रीसुद्धा तिला मागे टाकतात.
हाच आपला डोंगर, बाप म्हणायचा,
फक्त दिसत नाही.

रात्री स्वयंपाकघरात दिवा मालवून
ती पंक्चर काढायला शिकते, बोटांनी,
भोक शोधायचं गालाजवळ ट्यूब धरून.
आणि एक वाक्य घोकते: साद आरिस त्स्काली?
कुठे आहे पाणी?
'कुठे'ला तिथे 'साद' म्हणतात.
हे तिला कुणी सांगावं,
की माझ्या भाषेत साद म्हणजे हाक,
आणि तिचा प्रश्न मला हाकेसारखाच ऐकू येतो.
जन्मभर पाण्याशेजारी राहिलेली बाई
पाणी विचारायला शिकतेय.

काल तीनशे बाराव्या चढाला
अंधारातून भोंगा वाजला. उशिराची एक बोट.
ती उतरली, सायकल खांबाला टेकवली, बटाट्यांसकट,
आणि खोलीत जाऊन कळ दाबली.
रस्ता उठला.
तिने चढायचा राहिलेला सगळा रस्ता
तिच्यासमोर उभा, काळा, ओला,
तिच्याच खडूच्या रेघा वरच्या टोकाला.
इतकी वर्षं तो उठायचा, तिने पाहिला होता पाण्याकडे बघत.
आज ती मान वर करून उभी राहिली,
जोडा सोडायचा विसरून.

"नाणं कुठे टाकू?" खालून नावाडी.
मग सायकलकडे बघून,
"आणि तुम्ही, कुठे निघालात?"

तिने तोंड उघडलं,
आणि आधी आलं ते पाण्याचं वाक्य.
नावाडी हसला, समोर बोट दाखवलं: हे काय, एवढं!

आज तिने रेघा पुन्हा मांडल्या. तीनशे अकरा.
कालचा अर्धाच धरला नाही.
बटाट्यांना कोंब फुटलेत;
उद्या नवे आणायचे,
यांचं सूप.