पावती

रहिमतपुरात पेठेच्या टोकाला
दौलू नलवड्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं.
मी आठवी नापास, सोल्डरची तार धरायला ठेवलेला.
नवी चौकोनी बॅटरी आली की ते आधी
टोकं जिभेला टेकवत.
चुरचुरली, तरच रेडिओत.
गिऱ्हाईक म्हणायचं, अहो, सीलबंद आहे.
ते म्हणायचे, सील लई बघितल्यात.

छत्रीतून उडी मारलेला माणूस गावात एकच.
लढाई हरली कशी, हे जो तो विचारायचा.
उत्तर माणूस बघून.

हेडमास्तर आले, की अंतर.
"उतरवलं रहिमतपुरात, आन् पूल कोरेगावात.
मधली वाट चालत, पाठीवर बिऱ्हाड.
तवर कोरेगाववाला जेवून, हात धुऊन, बंदुका लावून बसला."

भरतीची पोरं आली, की वारा.
उफणताना भूस जावं तशा छत्र्या गेल्या.
दाणे कुठं पडले, भूस कुठं,
दिवस मावळला तरी उमगेना.

तहसीलदारांसाठी एकच वाक्य:
"हुकूम लांबच्या खोलीत झाला, साहेब, तिथं धुकं नव्हतं."
आणि चहा.

तारगावच्या हौसाकाकू काहीच विचारायच्या नाहीत.
चांगला चालणारा रेडिओ पिशवीतून आणायच्या.
हे झाकण काढत, धूळ पुसत, झाकण लावत.
पैसे घेत नसत.

एका रात्री वीज गेली.
मेणबत्ती शोधायला मी उठलो, तर म्हणाले, राहू दे.

"बारा पेट्या. वर बॅटरी लिवलेलं.
स्टोअरचा बाबू म्हणला, मोज आन् सही कर.
मोजल्या. बारा भरल्या.
विमानाचे पंखे फिरत व्हते, मेजर घड्याळ बघत व्हता.
खाली उतरल्यावर पयली फोडली. बुटाचं पालिश.
दुसरी. पालिश.
तिसरी.
चौथीला हात उचलला न्हाई.

वर आपलीच विमानं, दारूगोळा घिऊन,
घिरट्या घालत व्हती.
टाकू कुठं, इचारत असतील. मशीन माझं मुकं.
समदं त्यांच्या खंदकात पडलं.
गोळ्या, बिस्किटं, पट्ट्या.
तिकडं कुणीतरी हसत व्हतं, वारा इकडचाच व्हता.
शेजारी तारगावचा मल्हारी, पोट धरून.
म्हणला, दौल्या, सांग की त्यास्नी,
आपुन हितं हाय."

मी विचारलं, मग अंतर? वारा?

"त्ये बी खरं. कोरेगाव लांबच व्हतं.
जवळ असतं तरी काय झालं असतं, कुणी सांगावं.
पर पुस्तकात अंतर लिवतील, वारा लिवतील.
पावती कुठं असंल रं आता?
त्यावर सही माझी हाय."

वीज आली. दोघांनीही
एकदम टेबलाकडं बघितलं.

पुढच्या बाजारी हौसाकाकू आल्या.
त्यांनी झाकण काढलं, धूळ पुसली,
आणि झाकण हातात धरून बसून राहिले.
मी स्क्रू मुठीत घेऊन उभा.
काकूंनी पदर सावरला, वाकून आत बघितलं.
"का वं भाऊजी," त्या म्हणाल्या,
"बिघडलाय का?"

रेडिओ आल्याचा भाव सांगत होता.