चौथा फर्मा

मेकोसाबागेतल्या आमच्या चर्चमागे
पत्र्याची एक खोली आहे.
मे महिन्यात तिथं डिंकालाही घाम फुटतो.
लांब टेबल, पाच ढीग :
एक ते सोळा, सतरा ते बत्तीस,
असे सोळा-सोळा पानांचे फर्मे.
महिला मंडळ ओळीनं बसतं,
एकीच्या हातून दुसरीच्या हातात
पुस्तक वजन धरत धरत
शेवटी माझ्याकडं येतं.
मी टोचा मारतो, दोरा ओढतो.
एकतीस वर्षं अजनीच्या शेडमध्ये इंजिनं तपासली,
शिवायला मात्र इथं शिकलो.

पुस्तिका इंग्रजी, लहान मंडळ्यांसाठी :
आजाऱ्याच्या घरी किती वेळ बसावं,
दानपेटी कुणी, कुणासमोर उघडावी,
असली साधी कामं.
जातात मलावीला.
कापणीच्या सणाला संत्रा बर्फी विकून
तिकिटांचे पैसे उभे राहतात,
आणि टपाल दरवर्षी
पुस्तकापेक्षा जड होतं.

त्या वर्षी भांडण झालं कूलरवरून.
त्याचं तोंड सुगंधाबाई उबाळेंच्या बाकाकडं की
मार्थाबाई गेडामांच्या,
यावर तीन रविवार गेले.
पाळकसाहेबांनी प्रीतीवर उपदेश केला,
तेव्हाही दोघी
कूलरकडंच बघत होत्या.
प्रभूभोजनाला एक डावीकडून उठली, एक उजवीकडून.

खोलीत मात्र जागा ठरलेल्या.
तिसरा फर्मा सुगंधाबाईंचा, चौथा मार्थाबाईंचा.
सुगंधाबाईंनी हात लांब केला
आणि मार्थाबाईंना ओलांडून
पुस्तक सरळ पाचव्या ढिगाच्या एस्तेरला दिलं.
मार्थाबाईंनी मागितलं नाही.
पोरगी खाली मान घालून पानं लावत राहिली.
संध्याकाळी चौथा ढीग उरला.
आम्ही म्हटलं, जास्तीचे छापले असतील.

डिसेंबरात पत्र आलं. झोम्बाजवळच्या एका शाळेतले
चिसोमो मास्तर लिहितात :
‘पान अठ्ठेचाळीसनंतर एकदम पासष्ट.
मधला धडा हिशेबाचा होता, असं अनुक्रमणिका सांगते.
आमचे खजिनदार फार आनंदात आहेत.
बाकी मंडळी नाही.
मध्ये काय लिहिलं होतं, ते कृपया कळवावं.’

पाळकसाहेबांनी पत्र दोनदा वाचलं.
खजिनदारापाशी सगळे हसले,
दुसऱ्यांदा कुणीच हसलं नाही.
कोपऱ्यात उरलेल्या ढिगावर
उदईची बारीक माती चढली होती.

कमिटी बसली. चिठ्ठी जोडायची ठरलं.
कारण काय लिहायचं?
कुणी म्हणालं, ‘तांत्रिक अडचण.’
सुगंधाबाई म्हणाल्या, ‘तांत्रिक काहून? कूलर लिहा ना.’
मार्थाबाई पदराआड खोकल्या,
की हसल्या, मला दिसलं नाही.

मला दुसरंच दिसत होतं.
ही बोटं जाडी ओळखतात.
ऐंशी पानांचं पुस्तक हातात चौसष्टचं आलं,
तेव्हाच त्यांनी मला सांगितलं होतं.
पहिल्याला थांबलो.
मान वर केली, दोन बाया पाहिल्या,
म्हटलं, बायकांच्या भांडणात कोण पडेल,
आणि सुई आत घातली.
त्रेचाळीस वेळा.

हे मी कमिटीत उभा राहून बोललो.
जेवढं वाटलं होतं तेवढं काही झालं नाही.
पाळकसाहेबांनी चहा मागवला.
मार्थाबाई म्हणाल्या, ‘भाऊ, बसा. ढीग झटकून घेऊ पहिले.’

आता दोघी समोरासमोर बसून
चौथा फर्मा घडी घालतात.
बोलणं ‘सरकवा’, ‘घ्या’, एवढंच.
कूलर मधोमध, कुणालाच धड लागत नाही.

त्रेचाळीस पाकिटं केली.
लिहिलं एकानंच, बाकी बेचाळीस गप्प :
त्यांना वाटलं असेल,
पुस्तकं अशीच असतात, किंवा
नागपूरचे लोक असेच.
चिठ्ठीवर तीनच ओळी आहेत :
आमच्याकडून राहिलं.
अठ्ठेचाळीसनंतर चिकटवा.
खजिनदारांना नमस्कार सांगा.